उघड्या रानात टिकेल ती शेगडी

ज्येष्ठात मुक्ताईनगरहून निघालेली संत मुक्ताबाईंची पालखी देऊळगाव राजा मागे टाकून जालना जिल्ह्यात येते आणि जालना, अंबड, शहागड असा रस्ता धरून गोदावरीपलीकडे बीड जिल्ह्यात उतरते. आषाढी झाली की परतीच्या वाटेवरची शेगावच्या गजानन महाराजांची पालखीही जालन्यावरून सिंदखेडराजाकडे जाते. दिंडी पायी चालते. तिचं स्वयंपाकघर मात्र ट्रकमधून पुढे जातं. पातेली, पाण्याचे पिंप, शिध्याची पोती, ताडपत्री आणि गॅसच्या भट्ट्या. मुक्काम कधी शाळेच्या पटांगणात, कधी रस्त्यालगतच्या रानात. वरून पावसाची भुरभुर, पश्चिमेचा भणभणता वारा, खाली पाय रुतवणारी काळी माती आणि समोर शंभर माणसांचा भात. घरच्या ओट्यावर वर्षानुवर्षं इमानानं चालणारी शेगडी इथे चार मुक्कामही तग धरत नाही.

जिल्ह्यात उघड्यावर शिजवणारे वारकरी एकटेच नाहीत. दिवाळीच्या आसपास अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या तालुक्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात आणि गाळप हंगाम संपेपर्यंत त्यांचा संसार पालात असतो. मेंढ्या घेऊन फिरणारे धनगर आहेत, शेतावर राहणारे सालगडी आहेत, थंडीत हुरड्याला जमणारी कुटुंबं आहेत, सुट्टीत सह्याद्रीच्या किल्ल्यांवर जाणारी कॉलेजची पोरं आहेत. यातला कोणीही दुकानात गेला की प्रश्न एकच विचारतो: मजबूत आहे का? दुकानदार बोटांनी पत्रा वाजवून दाखवतो आणि सौदा होतो.

पत्रा जाड असणं चांगलंच, पण उघड्यावरची शेगडी पत्रा पातळ होता म्हणून क्वचितच भंगारात जाते. ती जाते वाऱ्यात ज्योत टिकत नाही म्हणून, दहा रुपयांचा सुटा भाग तालुक्याला मिळत नाही म्हणून, किंवा तिचं इंधनच बाजारातून उठलं म्हणून. टिकाऊपणा तपासायचा तर या तिन्ही अंगांनी तपासावा लागतो.

आधी पदार्थ, मग शेगडी

मराठवाड्यात उघड्यावरच्या शेगडीची खरी परीक्षा भाकरी घेते. थापलेली भाकरी तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, पाणी सुकायच्या आत ती उलटायची, दुसरी बाजू भाजली की तव्यावरून काढून चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला टेकवून उभी करायची. मग ती टम्म फुगते. म्हणजे भाकरीला दोन प्रकारची आच लागते. तवा कडेपर्यंत सारखा तापला पाहिजे आणि नंतर उघडा निखारा किंवा उघडी ज्योत मिळाली पाहिजे. गिर्यारोहकांच्या मुठीएवढ्या गॅस स्टोव्हवर ज्योतीचा घेर जेमतेम दोन इंचांचा. त्यावर दहा इंची तवा ठेवला की भाकरी मध्यभागी करपते आणि कडेला कच्ची राहते. रॉकेलच्या स्टोव्हवर भाकरी थेट ज्योतीवर धरली तर तिला रॉकेलचा वास लागतो, म्हणून ती तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते. चहा आणि मॅगीपुरता उत्तम ठरलेला स्टोव्ह भाकरीला निरुपयोगी ठरतो तो असा.

पिठलं, खिचडी, वरण यांना भाकरीपेक्षा संयमी आच लागते. इथे पाहायची गोष्ट म्हणजे ज्योत किती मंद होते आणि मंद झाल्यावर वाऱ्यात टिकते का. पुष्कळ स्वस्त बर्नर भडका उत्तम देतात, पण बारीक केले की विझतात. हुरड्याला तर शेगडीच लागत नाही. जमिनीत आगटी करायची, गोवऱ्यांचा आर पाडायचा, त्यात कोवळी कणसं भाजायची. तिथे गॅसची शेगडी लागली तर ती चहाला.

उंचीचाही थोडा विचार करावा लागतो. जालना समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आसपास आहे. इथे पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. १६४६ मीटरच्या कळसूबाईवर ते ९४-९५ अंशांनाच उकळू लागतं आणि डाळ शिजायला वेळ घेते. ज्यांचं जाणं डोंगरावर त्यांनी शेगडीबरोबर दोन लिटरचा कुकर घेतला तर इंधन बरंच वाचतं.

वाऱ्याचा हिशेब

एक लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीपर्यंत न्यायला सुमारे ३०० किलोज्यूल उष्णता लागते. एवढी उष्णता तर सात-आठ ग्रॅम गॅसमध्येही असते. पण सगळी पातेल्यात जात नाही. घरगुती गॅस शेगडीसाठी भारतीय मानक ४२४६ मध्ये किमान ६८ टक्के कार्यक्षमतेची अट आहे. ती बंद खोलीतली मोजणी. उघड्यावर आडोसा करून ४५ टक्के मिळाले तरी लिटरमागे पंधरा ग्रॅम गॅस जातो. तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच उष्णता भांड्याला पोचते, म्हणून त्याच लिटरभर पाण्याला दीडशे ग्रॅमच्या वर सुकी लाकडं लागतात. चुलीची रचना नीट असेल तर हाच आकडा सत्तर ग्रॅमवर येतो.

वारा या सगळ्या गणितावर पाणी फिरवतो. तो ज्योत भांड्याखालून बाजूला ढकलतो, तापलेली हवा उडवून नेतो आणि भांड्याची अंगंही गार करतो. कापूस वेचून झालेल्या मोकळ्या रानात आडोशाशिवाय शिजवायला बसलं तर इंधन दीडपट-दुप्पट सहज जातं. म्हणून शेगडी निवडताना पहिली नजर बर्नर आणि भांडं यांच्यातल्या जागेवर टाकावी. बर्नर खोलगट वाटीत बसवलेला आहे का? भांडं ठेवायच्या पट्ट्या ज्योतीला आडोसा देतात का, की ज्योत चारी बाजूंनी उघडी आहे? स्वीडनच्या ट्रांजिया कंपनीनं १९५१ मध्ये स्पिरिटवर चालणारा संच बाजारात आणला, त्यात आडोसा हाच शेगडीचा सांगाडा होता. वारा खालच्या भोकांतून मोजकाच आत यावा आणि ज्योतीला उलट जोर मिळावा अशी ती योजना. रचना इतकी साधी की आजही जवळपास तशीच विकली जाते. आपल्याकडे खेड्यात त्याला लागणारं स्पिरिट सहज मिळत नाही ही त्याची अडचण; आडोशाची कल्पना मात्र कुठल्याही शेगडीला लागू आहे. गुडघाभर उंचीचे तीन पत्रे बिजागरीनं जोडले की काम होतं.

एक पथ्य मात्र कडक आहे. ज्या स्टोव्हमध्ये गॅसचा डबा बर्नरच्या थेट खाली किंवा शेजारी असतो, त्याच्याभोवती चारी बाजूंनी आडोसा कधीच करायचा नाही. आत कोंडलेली उष्णता डब्याला तापवते आणि डबा फुटू शकतो. वाऱ्याची बाजू झाकायची, उलटी बाजू मोकळी ठेवायची.

पंपाच्या स्टोव्हचं राज्य

सुवाह्य शेगडीचा आधुनिक इतिहास स्टॉकहोमला सुरू होतो. फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट यानं १८९२ मध्ये काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह तयार केला आणि 'प्रायमस' हे नाव जगभर गेलं. १९११ मध्ये दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या आमुंडसेनच्या तुकडीकडे प्रायमस होता, १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेतही होता. त्याच घराण्यातला पितळी पंपाचा स्टोव्ह महाराष्ट्राच्या चाळींत आणि वाड्यांत दोन-तीन पिढ्या फुरफुरत राहिला.

त्याची करामत अशी. टाकीत रॉकेल, वर पंप. आधी बर्नरच्या वाटीत स्पिरिट ओतून किंवा भिजवलेला काकडा लावून बर्नर तापवायचा. मग पंप मारला की हवेच्या दाबानं रॉकेल वर चढतं, तापलेल्या नळ्यांतून जाताना त्याची वाफ होते आणि निपलच्या केसाएवढ्या भोकातून ती जोरात बाहेर पडून हवेत मिसळते. निळी, कडक ज्योत मिळते. बर्नर पुरेसा तापला नसेल तर वाफेऐवजी रॉकेलच वर येतं आणि पिवळा भडका उडतो; स्टोव्हच्या कित्येक अपघातांचं मूळ या घाईत होतं. रॉकेलमध्ये पेट्रोलची भेसळ असेल तर धोका कैक पटींनी वाढतो.

या स्टोव्हचं दीर्घायुष्य त्याच्या पितळापेक्षा त्याच्या दुरुस्तीत होतं. बिघडण्यासारख्या गोष्टी चारच: निपल चोंदणं, पंपाचा चामडी वायसर सुकणं, बर्नर गळणं, टाकीचा डाग सुटणं. निपलला पिन मारायची, वायसरला तेल लावायचं आणि बाकीच्या दोन गोष्टींसाठी गल्लीत येणारा स्टोव्ह रिपेरीवाला होताच. इंडियन ऑईलच्या संशोधन केंद्रानं सत्तरच्या दशकात वातीचा 'नूतन' स्टोव्ह आणला. त्याला पंपही नाही आणि स्फोटाची भीतीही कमी. वाती कापल्या, बदलल्या की तो पुन्हा नवा.

मग हे दोन्ही स्टोव्ह गेले कुठे? त्यांचं इंधन गेलं. घराघरात गॅस पोचला, सरकारनं रेशनच्या रॉकेलवरचा हात आखडता घेतला, दिल्लीनं २०१४ मध्येच स्वतःला रॉकेलमुक्त जाहीर केलं आणि पाठोपाठ इतर राज्यांतही कोटा झपाट्यानं खाली आला. इंधनाबरोबर वायसर आणि पिनाही बाजारातून गेल्या. आज जुन्या बाजारात उत्तम अवस्थेतला पितळी स्टोव्ह मिळाला तर तो दिवाणखान्यात शोभेल. रानात न्यायचा तर आधी रॉकेलची सोय बघावी.

हाच धडा महाराष्ट्राला एका अगदी नव्या शेगडीनंही शिकवला. बीपी कंपनी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून 'ऊर्जा' नावाची पंख्याची शेगडी तयार केली आणि २००६ पासून ती महाराष्ट्रासह कर्नाटक, तमिळनाडूत विकली गेली. शेतातल्या भुशाच्या गोळ्यांवर चालणारी, जवळपास धूर नसलेली शेगडी. पुढे पुण्याच्या फर्स्ट एनर्जी कंपनीकडे हा उद्योग आला. चार लाखांहून अधिक शेगड्या खपल्या. मग कच्च्या मालाचे भाव चढले, गोळ्या महाग झाल्या आणि लोकांनी शेगड्या बाजूला ठेवल्या. बहुतेकांच्या शेगड्या ठणठणीत होत्या. त्यांत घालायला परवडणाऱ्या गोळ्या नव्हत्या.

लहान सिलिंडर, मोठी भट्टी

आज जालन्यात बाहेर शिजवणाऱ्याला सर्वांत सोयीचं इंधन म्हणजे पाच किलोचा सिलिंडर. कनेक्शन नसलेल्यांसाठी तो २०१३ पासून खुल्या विक्रीत आला. इंडियन ऑईलनं २०२० मध्ये त्याला 'छोटू' हे नाव दिलं. ओळखपत्र दाखवून तो वितरकाकडे आणि काही पेट्रोल पंपांवरही मिळतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर भरलेला असताना तीस किलोच्या घरात जातो, तो बैलगाडीत किंवा मोटारसायकलवर नेणं जिकिरीचं. लहान सिलिंडर एका हातानं उचलता येतो. साधारण बर्नर मोठ्या ज्योतीवर तासाला दीडशे ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे पाच किलोत तीस तासांहून जास्त स्वयंपाक होतो. चौघांच्या कुटुंबाला सहलीच्या आठवड्यात तो संपवताही येणार नाही.

सिलिंडर घेताना वरच्या कड्याच्या पट्टीवर रंगवलेली खूण वाचावी. 'ए' म्हणजे जानेवारी ते मार्च, 'बी' एप्रिल ते जून, 'सी' जुलै ते सप्टेंबर, 'डी' ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. त्या तिमाहीपर्यंत सिलिंडरची दाबचाचणी चालते. मुदत उलटलेला सिलिंडर परत करायचा. बाजारात डोक्यावरच बर्नर बसवलेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानात चोरून भरून दिले जाणारे छोटे सिलिंडरही दिसतात. त्यांची ना चाचणी झालेली असते, ना किती भरायचं याचं माप. स्वस्त पडतात म्हणून ते पालात नेणं जिवावर बेतू शकतं.

दिंडीच्या आचाऱ्याचं प्रकरण वेगळं. तिथे बिडाची मोठी भट्टी, १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर आणि जास्त दाबाचा रेग्युलेटर लागतो. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब अगदी कमी करून सोडतो, भट्टीचा रेग्युलेटर त्याच्या कितीतरी पट दाब देतो. या दोघांची अदलाबदल करून चालत नाही. जास्त दाबावर घरगुती शेगडी लावली तर ज्योत बर्नर सोडून वर उडते. कमी दाबावर भट्टी नुसती धुमसते.

लहान सिलिंडरवर मोठी भट्टी चालवली की आणखी एक गंमत होते. आतल्या द्रवाचा गॅस होताना तो उष्णता सिलिंडरच्या अंगातूनच ओढून घेतो. गॅस भराभर ओढला की सिलिंडर गार पडतो, त्याला घाम फुटतो, थंडीच्या पहाटे तर बाहेरून बर्फाचा थर धरतो आणि ज्योत बसत जाते. मग कोणी तो आडवा करतो, कोणी निखाऱ्याजवळ सरकवतो. आडवा केला तर गॅसऐवजी द्रव नळीत शिरतो आणि भडका उडतो. आगीजवळ नेण्याबद्दल तर बोलायलाच नको. खरा उपाय म्हणजे मोठा सिलिंडर घेणं किंवा दोन सिलिंडर जोडणं.

पोरांच्या सहलीत हल्ली चपटी कॅसेट शेगडी असते. तिच्या पोटात सव्वादोनशे ग्रॅमचा डबा आडवा बसतो. दीड तासाचा खेळ. तिच्यावर शेगडीपेक्षा मोठं पातेलं किंवा रुंद तवा ठेवू नये, कारण तो डब्याच्या कप्प्यावर झुकतो आणि परतणारी उष्णता थेट डब्यावर पडते. या डब्यांत बहुतेक ब्यूटेन असतो. तो शून्याच्या आसपास गॅस व्हायचं थांबतो. जालन्याच्या हिवाळ्यात ती वेळ येत नाही, हिमालयात येते. तिकडे जाणाऱ्यांनी प्रोपेन मिसळलेला डबा मागावा.

पऱ्हाटीची चूल

ऊसतोडीच्या जोडप्याचा दिवस पहाटे तीन-चारला चुलीपासून सुरू होतो. बाई भाकरी थापते, कारण उजाडायच्या आत फडात पोचायचं असतं. चूल म्हणजे तीन दगड किंवा विटा, इंधन म्हणजे फडातलं पाचट आणि वाटेत गोळा केलेल्या काड्या. गॅसचा सिलिंडर गावच्या घरी असला तरी हंगामाच्या ठिकाणी तो भरून आणणं, त्याला पैसे मोजणं प्रत्येक कोयत्याला, म्हणजे तोडणीच्या जोडप्याला, जमत नाही. इथे फुकट मिळणारं इंधन कमी धुरात, कमी प्रमाणात जाळेल अशी उचलून नेता येणारी चूलच कामाची.

अशा चुलींचा पाया अमेरिकेतल्या लॅरी विनियार्स्की यांनी १९८२ च्या सुमारास घातला. या प्रकाराला 'रॉकेट' चूल म्हणतात. आत इंग्रजी एल अक्षराच्या आकाराची नळी असते: आडव्या भागातून काड्या सरकवायच्या, उभ्या भागात त्या कडक जळतात आणि धूर वर जाता जाताच पेटतो. नळीभोवती उष्णता धरणारा हलका थर असतो. काडीखाली एक फळी असते, तिच्याखालून हवा जाते. ती फळी फेकून देऊन तोंड लाकडांनी गच्च भरलं की चूल धूर ओकायला लागते आणि लोक म्हणतात, ही बेकार आहे. जालन्यात कापसाच्या पऱ्हाट्या आणि तुराट्या मुबलक; बोटाएवढ्या जाडीच्या या सुक्या काड्या रॉकेट चुलीला अगदी मापात बसतात. जाड ओंडके जाळायची सवय असलेल्याला मात्र कुऱ्हाड हाताशी ठेवावी लागते.

सुवाह्य चुलीसाठी भारतीय मानक १३१५२ आहे. त्यानुसार साध्या ओढीच्या चुलीची कार्यक्षमता किमान २५ टक्के आणि पंख्याच्या चुलीची ३५ टक्के हवी. धूर आणि कार्बन मोनॉक्साइडवरही मर्यादा आहे. पंख्याची चूल कागदावर सरस, पण रानात आधी पंखा जातो, मग बॅटरी. चार्जिंगची खात्री नसेल तर बिनपंख्याचीच बरी.

पुण्यात डॉ. आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेनं तिसरी वाट दाखवली. उसाच्या पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या बनवायच्या; या तंत्राला २००२ मध्ये ॲश्डेन पुरस्कार मिळाला. संस्थेच्या 'सराई' कुकरमध्ये सुमारे शंभर ग्रॅम कांड्यांवर वाफेत चार-पाच जणांचा वरण-भात-भाजी होते. एकदा पेटवला की त्याच्याकडे बघावं लागत नाही. भाकरी त्याच्यावर होत नाही, हे आधीच जाणून घ्यावं.

चुलीच्या टिकाऊपणाबद्दल सरकारी अनुभवही बोलका आहे. ऐंशीच्या दशकात सुरू झालेल्या सुधारित चूल कार्यक्रमात देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसल्या. पुष्कळशा तडकल्या, धुराडी चोंदली आणि त्या पडून राहिल्या. पुढे रेमा हॅना, एस्थर दुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी ओडिशात केलेल्या अभ्यासात दिसलं की सुधारित चुलीनं पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला, पण देखभाल सुटत गेली तसा तो फायदाही विरला. ज्या चुलीची राख काढायला हात आतपर्यंत पोचत नाही, ती कितीही भारी असली तरी घेऊ नये.

पत्रा, बीड आणि जस्त

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार होतात, त्यामुळे लोखंडाची जाण असलेली माणसं शहरात पावलोपावली भेटतात. त्यांना विचारावं. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि आकडा वाढतो तसा पत्रा पातळ होतो: १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. बाहेरच्या कवचाला २२ चालेल. पण जिथे आग थेट भिडते त्या भट्टीच्या पोटाला १८ किंवा त्याहून जाड हवा. लालभडक झालेल्या साध्या लोखंडाच्या खपल्या निघतात आणि पत्रा वर्षागणिक झिजतो. शेतातल्या काडीकचऱ्यात लाकडापेक्षा पोटॅश आणि क्लोरीन जास्त असतं, त्यामुळे पऱ्हाटीच्या राखेत ही झीज आणखी वेगानं होते. म्हणून आतलं नळकांडं सुटं निघून बदलता येणारी चूल घ्यावी. ते पुन्हा करून द्यायला घिसाडी किंवा वेल्डिंगवाला पुरे.

बिडाची शेगडी आच धरते, गंजायला वेळ लावते, पण ती ठिसूळ. गरम असताना तिच्यावर पाणी सांडलं किंवा ट्रकमधून दणकन पडली की तडा जातो. चकचकीत स्टीलची शेगडी गंजत नाही, पण पातळ पत्र्याची असेल तर उष्णतेनं वाकडी होते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, जुन्या डब्याची किंवा बादलीची शेगडी टाळावी. जस्त तापलं की त्याचा धूर निघतो आणि तो छातीत गेला की थंडी-ताप भरतो.

सांध्यांकडे पाहावं. पाय रिव्हेटनं जोडलेत की वेल्डनं? दहा लिटर पाण्याचं पातेलं भरलं की बारा-तेरा किलो होतं, वर ढवळणाऱ्याचा हात. दुकानातच शेगडीवर दोन्ही हातांनी वजन टाकून डोलते का ते बघावं. तीन पायांची शेगडी खडबडीत जमिनीवर न डगमगता बसते, चार पायांची सपाटीवर मोठं भांडं चांगलं पेलते. पावसाळ्यात काळ्या मातीत पाय कोणतेही असोत, रुततात. त्यांच्याखाली फरशीचा तुकडा हवाच.

जीव सांभाळून

तंबूत, पालात, बंद गाडीत शेगडी पेटवू नये, मग ती कोळशाची असो की गॅसची. जळण्याला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन इथे गॅस हीटर लावून एका खोलीत झोपलेल्या केरळच्या आठ पर्यटकांचा मृत्यू झाला. त्यांत चार मुलं होती. थंडीत पालात निखाऱ्याची पाटी घेऊन झोपण्याची सवय तितकीच घातक.

स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर उडून जात नाही, खोलगट जागेत, ट्रकच्या हौद्यात साचतो. भट्टी ट्रकच्या सावलीत लावायचा मोह आवरावा. नळी आयएसआय खुणेची असावी, तिच्यावरची मुदत वाचावी, जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का पाहावं. गळतीची तक्रार करायला १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. आणि जालन्याहून रेल्वेनं तीर्थयात्रेला निघताना सिलिंडर, स्टोव्ह बरोबर घेऊ नये. तो गुन्हा आहे, आणि का आहे हे ऑगस्ट २०२३ मध्ये मदुराईला दिसलं: यात्रेकरूंच्या डब्यात चोरून नेलेल्या सिलिंडरमुळे आग लागली आणि नऊ जण दगावले.

उन्हाळ्यात शेताच्या बांधावर शिजवायचं तर कडब्याच्या गंजीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसावं आणि पाण्याची घागर आधी भरून ठेवावी.

निघण्याआधी

कुटुंबाच्या सहलीला पाच किलोचा सिलिंडर, एका रुंद बर्नरची ठेंगणी शेगडी आणि तीन पानी आडोसा पुरतो. दिंडीला बिडाच्या दोन मध्यम भट्ट्या एका मोठ्या भट्टीपेक्षा बऱ्या, कारण एक बिघडली तरी जेवण थांबत नाही. हंगामाला जाणाऱ्या जोडप्याला जाड पोटाची, सुट्या नळकांड्याची रॉकेट चूल सोयीची. तिचं तोंड इतकं रुंद असावं की भाकरी निखाऱ्याला टेकवता येईल. किल्ल्यावर जाणाऱ्यांना लहान डब्याचा स्टोव्ह आणि कुकर.

घेतलेली शेगडी थेट प्रवासाला नेऊ नये. आधी घरच्या अंगणात, वारा असलेल्या संध्याकाळी, ठरलेल्या पातेल्यात ठरलेलं पाणी उकळून बघावं. उकळी यायला किती मिनिटं लागली ते घड्याळावर पाहावं आणि सिलिंडर आधी व नंतर वजनकाट्यावर ठेवून गॅस किती गेला ते लिहून ठेवावं. लाकडाची चूल असेल तर काड्यांची मोळी तोलावी. मग भाकरी करून बघावी. या एका संध्याकाळी पाय डोलतात का, ज्योत मंद राहते का, राख निघते का, सगळं कळतं आणि दुकान गावातच असल्यानं बदलूनही मिळतं. बरोबर न्यायच्या पिशवीत जास्तीचा वायसर, निपलची पिन, लायटर असला तरी काड्यापेटी, पकड, फरशीचे तीन तुकडे आणि साबणाची वडी टाकली की ट्रक भरायला हरकत नाही.